आधी आई-बाबांनी दवाखाना गाठावा

२०२० च्या मार्चचा शेवटचा आठवडा. टाळेबंदी लागून जेमतेम काही दिवस झाले होते आणि हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत गर्दी मावेना. दारूची दुकानं बंद, ताडीची दुकानं बंद. हातपाय थरथरणारी, असंबद्ध बडबडणारी, झटके येऊन पडलेली माणसं घरच्यांनी जमेल त्या वाहनाने आणली होती. कुणाला आईने, कुणाला बापाने, कुणाला बायकोने. एरवी ही मंडळी त्या फाटकाच्या जवळपासही फिरकली नसती. कारण आमच्या गावात ‘एर्रागड्डा’ हे नाव चेष्टेत घेतात. कुणी विचित्र वागला की ‘इसकू एर्रागड्डा भेजो’ असं सहज म्हटलं जातं. आता तिथं मेट्रोचं स्टेशन आहे, रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात, पण नाव घेतल्यावर येणारं हसू तेच आहे.

मराठवाड्याच्या वाचकाला एक सांगायला हवं. हे रुग्णालय मूळचं जालन्याचं. निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय तिथे होतं आणि १९५० च्या दशकात ते हैदराबादेत आलं. म्हणजे नांदेड, परभणी, लातूरच्या घरांचा या संस्थेशी संबंध आजचा नाही. आज तो वेगळ्या वाटेने पुन्हा जुळतो आहे. या जिल्ह्यांतली मुलं अमीरपेटला कोर्स करायला येतात, माधापूर-गच्चीबावलीला नोकरीला लागतात, कोंडापूरच्या पीजीत चौघांत एक खोली घेऊन राहतात. त्यातल्या काहींचे आई-बाप एके दिवशी देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला उतरतात आणि त्यांना कुठे जावं तेच कळत नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुड्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांसाठीही आहे.

आधी ताडीबद्दल, कारण ती आमच्या भागाची खास गोष्ट आहे. नांदेडच्या सीमेवरच्या तालुक्यांतले लोक तिला शिंदी म्हणून ओळखतात. ताडाचा रस कमी आणि मागणी जास्त, म्हणून त्यात पाणी, साखर, सॅकरिन घालतात आणि गेलेली नशा परत आणायला क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलम मिसळतात. शेवटची दोन झोपेची, चिंता कमी करण्याची औषधं आहेत. पिणाऱ्याला वाटतं आपण झाडाचा रस पितो. शरीर मात्र गोळ्यांना लागलेलं असतं. २०१५ मध्ये तेलंगण सरकारने भेसळीवर धाडी घातल्या, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर, मेदक भागातून शेकडो लोक विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, घेऊन दवाखान्यांत आले आणि त्यातले काही दगावले. जुलै २०२५ मध्ये खुद्द शहरात, कुकटपल्लीच्या परिसरात, भेसळीच्या ताडीने माणसं मेली.

यातून आई-वडिलांनी घ्यायची गोष्ट सरळ आहे. ‘चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ हा सल्ला जीव घेऊ शकतो. दारू, अल्प्राझोलमसारख्या गोळ्या आणि भेसळीची ताडी, ही तिन्ही रोज भरपूर घेणाऱ्याची एकदम तोडली तर फिट्स येतात, भ्रम होतो, नाडी आणि ताप बेसुमार वाढतो. दारूत हा धोका साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. म्हणजे ज्या दिवशी घरच्यांना वाटतं, चला, दोन दिवस निभावले, तोच दिवस घाताचा. गांजाचं तसं नाही. तो सोडल्यावर चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, घाम, विचित्र स्वप्नं असा त्रास पहिल्या आठवड्यात जोरात असतो आणि दोनेक आठवड्यांत ओसरतो. तेव्हा मुलगा ताटावरून उठून गेला तर तो माज समजू नये. पण कुठला पदार्थ, किती आणि किती काळ, हे कळल्याशिवाय घरी काहीही करू नये. पहिली पायरी डॉक्टरचीच.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. जुलै २०१७ मध्ये तेलंगणच्या उत्पादन शुल्क खात्याने अकुन सभरवाल यांच्या नेतृत्वाखाली एक टोळी पकडली. एलएसडीचे कागदी तुकडे आणि एमडीएमए. पुढे सिनेमावाल्यांच्या चौकशा झाल्या आणि वर्तमानपत्रांची पानं त्यांनीच भरली. मला त्या प्रकरणातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. गिऱ्हाइकांत नावाजलेल्या शाळांतली मुलं होती आणि खात्याला शाळांना पत्रं लिहावी लागली. शाळकरी मुलाच्या हाती हा कागद पोचतो आहे, हे घरच्यांच्या आधी उत्पादन शुल्क खात्याला कळलं.

कळत कसं नाही, असं बाहेरच्याला वाटतं. कळत असतं. मुलाच्या बॅगेत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडते, कारण लाल डोळे दिसू नयेत. सिगारेट ओढत नाही म्हणतो, पण खिशात पातळ पांढरे कागद. खोलीत डिओचा इतका वास की दार उघडताच ठसका लागावा. मॅगीचे रिकामे पुडे रात्री दोनचे. आईच्या कपाटातली, रोज न लागणारी एक अंगठी नाहीशी. मुलगा ‘फी भरायची आहे’ म्हणतो आणि पावती कधी दाखवत नाही. आई हे सगळं पाहते आणि बापाला सांगत नाही, कारण तो मारेल. बाप ऑफिसातल्या कुणाकडून ऐकतो आणि आईला सांगत नाही, कारण ती रडेल. दोघेही मिळून आजीपासून लपवतात. मुलाला हे सगळं माहीत असतं. तो या फटींमधून दोन-तीन वर्षं काढतो.

हैदराबादचा मराठी समाज तसा आटोपशीर आहे. विवेकवर्धिनी १९०७ ची. त्या शाळेत आजोबा, वडील, आत्या शिकलेल्या. साहित्य परिषदेच्या कार्यक्रमाला, गणपतीला, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला तेच चेहरे. एकमेकांच्या मुलांचे पगारसुद्धा माहीत असलेले. हा गोतावळा एरवी मोठा आधार आहे, पण घरात व्यसन शिरलं की याच गोतावळ्याची भीती वाटते. मुलीचं असेल तर ती भीती दसपट. मुलाला निदान एखादा मामा कुठेतरी दाखवून आणतो. मुलीच्या बाबतीत ‘मायग्रेन आहे’, ‘थायरॉइड आहे’ असं सांगत वर्षं जातात आणि ती दवाखान्यात पोचते तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.

या भीतीपोटी घरं तीन उपाय करतात. तिन्हींबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे.

पहिला, लग्न. ‘जबाबदारी पडली की सुधारेल.’ यासारखा अन्याय दुसरा नाही. ज्या आजारापुढे जन्मदाते हात टेकतात, तो बाहेरून आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या पदरात टाकायचा आणि उद्या नाही सुधारला तर ‘तिला सांभाळता आलं नाही’ म्हणायचं. व्यसनात असलेल्या मुलाचं स्थळ आजार लपवून दाखवणं ही फसवणूक आहे, यापलीकडे मी काही म्हणणार नाही.

दुसरा, दीक्षा. तेलंगणात अय्यप्पाची दीक्षा घेतात. काळे कपडे, अनवाणी, एक्केचाळीस दिवस दारू-मांस वर्ज्य. मराठी घरांत त्याच आशेने गळ्यात तुळशीची माळ घालतात. श्रद्धेचं मोल मी कमी करणार नाही. एक्केचाळीस दिवस न पिता काढलेला माणूस स्वतःला आणि घराला दाखवून देतो की हे जमू शकतं, आणि सोबत दीक्षा घेतलेले लोक असतात हा आधार लहान नाही. पण रोज पिणाऱ्याने दीक्षेच्या आधी डॉक्टरला भेटलंच पाहिजे, कारण वर सांगितलेला दुसऱ्या-चौथ्या दिवसाचा धोका काळे कपडे घातल्याने टळत नाही. आणि बेचाळिसाव्या दिवशी काय, हे दीक्षा सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. बहुतेक घरांत ते ठरलेलं नसतं, म्हणून दीक्षा उतरल्यावर दुसऱ्या आठवड्यात बाटली येते.

तिसरा उपाय सर्वांत धोक्याचा, आणि तो आया करतात, प्रेमापोटी करतात. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचत आलो आहोत. अशा काही पुड्यांत आणि ओळखीच्या औषधवाल्याकडून आणलेल्या गोळ्यांत डायसल्फिरम असू शकतं. हे खरं औषध आहे. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्यावर, रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून डॉक्टर ते देतात. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला हे माहीत असतं, म्हणून तो पीत नाही. औषधाचा सारा उपयोग त्या माहितीत आहे. आईने ते गुपचूप वरणात कालवलं तर त्याला काहीच माहीत नसतं, तो नेहमीसारखा पितो आणि हृदय कमकुवत असेल तर तिथेच संपू शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. जगला वाचला, तरी आईच्या हातच्या जेवणावरचा विश्वास उडतो. पुढची सगळी लढाई ज्या विश्वासावर लढायची, तोच. असं करू नका. केलं असेल तर आजच डॉक्टरांना सांगा.

मग करायचं काय? मुलगा तर म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, तुम्हीच वेडे आहात.’

इथे एक जुनी समजूत आडवी येते. व्यसनी माणूस ‘पार तळाला’ गेल्याशिवाय, त्याची ‘स्वतःची इच्छा’ झाल्याशिवाय काही करता येत नाही, असं आपण ऐकत आलो. त्यामुळे आई-बाप तळाची वाट बघत बसतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या विल्यम मिलर आणि रॉबर्ट मायर्स यांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांचा १९९९ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. दारू पिणारे उपचाराला ठाम नकार देत होते, अशा १३० घरांतली एकेक काळजीत पडलेली व्यक्ती त्यांनी घेतली आणि पिणाऱ्याला हातही न लावता या घरच्या माणसांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सुमारे बारा-बारा तास शिकवलं. एका गटाला अल्-ॲनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या चळवळीच्या धर्तीवर, म्हणजे त्याला सोडून द्या आणि स्वतःला सांभाळा. दुसऱ्याला, सगळ्या नातेवाइकांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून खडे बोल सुनावण्याची पद्धत. तिसऱ्याला, रोजच्या वागण्यात नेमके बदल करण्याची. पहिल्या गटात १३ टक्के पिणारे उपचाराला आले, दुसऱ्यात ३० टक्के, तिसऱ्यात ६४ टक्के. आणखी एक गोष्ट. तिन्ही गटांतल्या घरच्यांची स्वतःची मनःस्थिती सारखीच सुधारली. म्हणजे मदत घेतल्याने आई-बापांचा फायदा झालाच, मग मुलगा आला असो वा नसो. अल्-ॲनॉनचा हेतू मुळातच घरच्यांना सावरण्याचा आहे, म्हणून ते १३ टक्के त्या चळवळीचं अपयश मानू नयेत.

या तिसऱ्या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात. तिच्यात जादू काही नाही, सराव आहे. आधी घरच्यांनी वहीत लिहायचं: कधी घेतो, कुणाबरोबर, त्याआधी काय झालेलं असतं. महिनाभराने दिसतं की गुरुवारी, क्लासच्या निकालानंतर, अमुक मित्राचा फोन आला की. मग त्या गुरुवारसाठी काही वेगळं योजायचं. दुसरं, न घेतलेल्या दिवसाला दाद द्यायची. आपल्या घरांत उलटं चालतं. मुलगा शुद्धीत घरी आला तर सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. तर्र होऊन आला की अख्खं घर त्याच्याभोवती, आरडाओरड, रडणं, लिंबूपाणी. तिसरं, आणि हे आईला सर्वांत जड जातं: व्यसनाचे परिणाम आपण पुसायचे नाहीत. सकाळी मॅनेजरला ‘त्याला ताप आहे’ असा फोन आईने करायचा नाही. उलटी त्याची त्याने धुवायची. उधारी त्याच्या पगारातून फिटेल, समुपदेशकासमोर यादी करून. कर्जाच्या ॲपवाल्यांचे फोन आले की अब्रूपोटी बाप एफडी मोडतो, आणि सहा महिन्यांत नवं ॲप येतं. कॉलेजची फी कॉलेजच्या खात्यात थेट भरावी, मेसचे पैसे मेसवाल्याला. रोख हातात देऊ नये. जीवाला धोका असेल तिथे मात्र हा नियम बाजूला ठेवून आधी जीव वाचवायचा.

आणि बोलणं. रात्री एक वाजता, तो नशेत असताना, दारात उभं राहून जे बोललं जातं ते असं असतं: ‘आलास पुन्हा ढोसून? तुझ्या बापाने पीएफ मोडला तो याच्यासाठी? शेजारच्या कुलकर्ण्यांचा मुलगा बघ, कॅनडाला गेला.’ याचं उत्तर दार आपटणं एवढंच असू शकतं. त्याच आईने रात्री काही न बोलता दार उघडावं, श्वास नीट चालला आहे ना, कुशीवर झोपला आहे ना एवढं बघावं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहा पुढे ठेवून, म्हणावं: ‘काल एक वाजेपर्यंत तू आला नाहीस, माझा डोळा लागला नाही. उशीर होणार असेल तर अकराला एक मेसेज टाक. मंगळवारी जेवायला होतास ना, फार बरं वाटलं. तुला ऑफिसात त्रास चाललाय हे मला दिसतं. मी सोमवारी एका डॉक्टरांना भेटायला जाणार आहे, माझ्यासाठीच. तुला यायचं असेल तर दोघं जाऊ.’ तो नाही म्हणेल. सोमवारी आईने जावंच. पुढच्या महिन्यात एखादी रात्र येते, मित्र फसवतो, नोकरी जायची वेळ येते, छातीत धडधडतं, आणि मुलगा स्वतः म्हणतो, ‘आई, कुठल्या डॉक्टरकडे जातेस तू?’ त्या क्षणी डॉक्टरचं नाव, वेळ, जायची सोय तयार असली पाहिजे. हा क्षण दोन दिवससुद्धा टिकत नाही.

घरच्यांना उपचारात ओढायचं हे भारतात कुणी नव्याने शिकवायला नको. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये टीटीके रुग्णालयाची संस्था उभी केली आणि तिथे कुटुंबासाठी वेगळा कार्यक्रम ठेवला. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. आणि पुण्याचं मुक्तांगण तर आपल्या घरचंच. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. चालवलं ते डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट यांनी, १९९७ मध्ये कर्करोगाने जाईपर्यंत. तिथे येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात, बरे झालेले अनेकजण तिथेच काम करतात, रुग्णमित्रांच्या बायकांसाठी ‘सहचरी’चा गट आहे, व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ विभाग आहे. हैदराबादच्या मराठी घराला मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारी जागा हवी असेल तर पुणे रात्रीच्या प्रवासाइतकं लांब आहे. दुसऱ्या गावी ठेवल्याने मित्रांची साखळीही तुटते. मात्र नंतरचा पाठपुरावा आपल्याच गावी करावा लागतो, म्हणून इथला एक मानसोपचारतज्ज्ञ पहिल्यापासून सोबत हवा.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवावेत. शहराच्या बाहेर, फार्महाऊससारख्या जागी, खाजगी ‘रिहॅब’ केंद्रं फोफावली आहेत. काही चांगली आहेत. काही ठिकाणी रात्री गाडी पाठवून पोराला हातपाय बांधून उचलून नेतात, तीन महिने फोन देत नाहीत, मारहाण करतात आणि त्यालाच शिस्त म्हणतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या आजाराला लागू आहे. त्यानुसार केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, साखळीने बांधायला बंदी आहे, आणि रुग्ण तयार नसताना दाखल करायचं असेल तर त्याची रीत ठरलेली आहे: दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं आणि सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. अठराच्या आतल्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि त्याच्याबरोबर पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने राहावं लागतं. तेव्हा आई-बापांनी आधी जाऊन जागा पाहावी. नोंदणीचा कागद मागावा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारावं, आणि ‘आम्हाला भेटता येईल का’ या प्रश्नावर जो आढेवेढे घेईल त्याच्या दारातून परत फिरावं.

पोलिसांची भीती हा दुसरा अडसर. दवाखान्यात नेलं तर केस होईल, असं पुष्कळांना वाटतं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४ अ वाचावं: सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला माणूस स्वतःहून मान्य ठिकाणी उपचार घेतो तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. तेलंगणच्या अमली पदार्थविरोधी दलाला जून २०२५ पासून ‘ईगल’ नाव मिळालं. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी गच्चीबावलीत एका गांजाविक्रेत्याच्या फोनवरून गिऱ्हाइकांना निरोप धाडला. दोन तासांत चौदा जण आले. त्यात एक जोडपं लहान मुलाला घेऊन आलं होतं. या चौदांना पोलिसांनी तुरुंगाऐवजी व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवलं. विकणारा आणि घेणारा यांत पोलीस फरक करू लागले आहेत ही चांगली गोष्ट आहे. घरच्यांनीही तो करावा.

खरी परीक्षा मूल केंद्रातून घरी आल्यावर. तोवर सगळे दमलेले असतात आणि वाटतं, झालं एकदाचं. अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे की उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. दम्याच्या, रक्तदाबाच्या रुग्णांचंही असंच होतं आणि त्यांना आपण ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणत नाही. घसरला तर पुन्हा उपचार, थोडे बदलून. एक गोष्ट मात्र प्रत्येक घराला माहीत हवी. हेरॉइन किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या-इंजेक्शनं घेणाऱ्याचं शरीर काही आठवडे बंद राहिल्यावर जुना डोस सोसू शकत नाही. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत धोक्याचे. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन हे औषध चालू ठेवलं असेल तर ‘एक सोडवून दुसरं लावलं’ असं म्हणत काकांच्या सल्ल्याने ते बंद करू नये.

घरातही बदल लागतात. मुलाला दारूपासून दूर ठेवायचं आणि बापाचा शनिवारचा ‘एकच पेग’ चालू, हे चालत नाही. किमान वर्षभर घरात बाटली नको. झोपेच्या गोळ्या आजीच्या डब्यात असतील तर कुलपात. रोज खिसे तपासणं, बाथरूमच्या दाराशी कान लावणं, ऑनलाइन मागवलेल्या लघवीच्या तपासणीच्या पट्ट्या घेऊन मुलाच्या मागे लागणं, याने घर चौकी होतं. तपासणी हवीच असेल तर ती डॉक्टरांच्या करारात बसवावी. मग भांडण आई आणि मुलात होत नाही. आणि भावंडांकडे बघा. व्यसनी मुलाच्या धाकट्या बहिणीला दहावीत किती मार्क पडले, हे दोन वर्षांत कुणी नीट विचारलेलं नसतं.

मारहाण होत असेल तर सहन करणं हा आधार नाही. आई-बापांनी त्या रात्री शेजारी, नातेवाईक, गरज पडली तर पोलीस, यांची मदत घ्यावी. मुलावर माया असणं आणि त्याच्या हातचा मार खाणं यांचा काही संबंध नाही.

दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, असं त्यात निघालं. उरलेल्या ३७ जणांच्या घरी कोण आहे? बहुतेकदा आई-बापच. रात्र रात्र जागणारे, रक्तदाबाची गोळी विसरणारे, लग्नाकार्याला जायचं बंद केलेले. ‘आमच्या संस्कारांत काय कमी पडलं’ हा प्रश्न ते देवापुढे रोज विचारतात. मिलर-मायर्सच्या अभ्यासात शिकवायला बारा तास लागले होते. महिनाभरात होण्यासारखं ते काम आहे, आणि त्यासाठी मुलाची परवानगी लागत नाही.

दिवाळीला मुलं हैदराबादहून नांदेडला, लातूरला, सोलापूरला घरी येतात. तुमच्या घरी आलेल्या मुलाबद्दल मनात शंका असेल तर या चार दिवसांत त्याची झडती घेऊ नका, पाहुण्यांसमोर विषय काढू नका. त्याच्याबरोबर जेवा. आई-बाबा, तुम्ही दोघांनी एकमेकांना जे सांगितलेलं नाही ते सांगा. आणि भाऊबीज झाली की फोन उचला. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. तेलंगणात विक्रेत्यांबद्दल कळवायचं असेल तर १९०८. पहिले दोन फोन फुकट आहेत. डॉक्टरांची वेळ घ्या, मुलगा येत नसेल तर त्याच्याशिवाय जा.